प्रश्न तिसरा : येण्याचं कारण

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. मेसेज पाठवला की तू नुसत्या निळ्या खुणा देतोस. कागद खूण देत नाही, त्यामुळे तू वाचलंस असं धरून मी खुशाल पुढे जाऊ शकते.

उरलेलं अर्धं काम लगेच सांगते, नाहीतर मी दुसरीकडेच भरकटेन. आबा तुझ्याकडे येताहेत. २० एप्रिलला, पाच महिन्यांसाठी. सोबत मी. खाली बस आणि आधी पाणी पी.

बोलावण्याचं पत्र वहिनीने पाठवलं, त्यावर व्हिसा मिळाला. हे तिने तुला सांगितलंच असेल. नसेल सांगितलं तर तिच्यावर ओरडू नकोस, गळ मी घातली होती. गेल्या वर्षी आई येऊन गेली तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं, की आई जाऊ शकते तर आबा का नाही? आठ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेला नाहीत. आई फोनवर त्यांचं नाव काढते आणि तुझी लाइन कट होते. दर वेळी. तुमच्याकडचं नेटवर्क फार हुशार आहे.

आता खरी गोष्ट. व्हिसा म्हणजे दारापर्यंत पोचायची परवानगी. दारावर काचेमागे एक अधिकारी बसतो. तो विचारतो, का आलात, किती दिवस, कोणाकडे, परत कधी. त्याला शंका आली तर तो तिथूनच तुला फोन लावतो. रांगेत आईच्या पुढच्या बाईच्या मुलाला लावला होता, आईने स्वतः ऐकलं. तो विचारेल, हे गृहस्थ तुमच्याकडे यायचं म्हणताहेत, तुम्ही बोलावलंय का? तेव्हा तू "हो" म्हणायचं. बस. "नाही" म्हणालास, किंवा फोन उचललाच नाहीस, तर आबांना पुढच्या विमानाने परत पाठवतील. आणि मग ते पुन्हा कुठेही जायचे नाहीत. तू त्यांना ओळखतोस.

मी सध्या फोटो स्टुडिओत आहे. पोहण्याच्या तलावाची तिकीटखिडकी सोडली, क्लोरीनने केस तारेसारखे व्हायला लागले होते, आणि मला पोहायला देत नव्हते. इथे मी पासपोर्टचे फोटो काढते. दिवसभर लोकांना सांगायचं, हसू नका. न हसता माणसं इतकी दुःखी दिसतात की मला वाटतं ह्यांना कोणी कुठल्या देशात घेणारच नाही. आबांचा फोटोही मीच काढला. त्यांना "हसू नका" सांगावं लागलं नाही.

एक ओळ लिही. "हो म्हणेन" एवढंच लिही, खाली सही नको.

तुझी
भिंगरी


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझी ओळ आली नाही. टपालाला बारा दिवस लागतात, त्यामुळे मी अजून रुसलेली नाही.

इथे घरात नाटकाची तालीम सुरू झाली आहे. एजंटने एक छापील कागद दिलाय, "प्रवेशाच्या वेळी विचारले जाणारे चोवीस प्रश्न". आई अनुभवी, म्हणून अधिकारी ती. तिने शोकेसची सरकती काच काढून शिलाई मशीनला टेकवून उभी केली आणि मागे स्टुलावर बसली. मान खाली, हातात पेन. म्हणे, "तो असाच बसतो. वर बघतच नाही. आपण माणूस आहोत की पिशवी, त्याला काही देणंघेणं नसतं."

आबा काचेसमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागे, रांग म्हणून.

"नाव?" आईने विचारलं.

आबांनी छताकडे पाहिलं.

"अहो, नाव विचारलं."

"ऐकलं. विचार करतोय."

"स्वतःच्या नावाचा?"

"पटकन सांगितलं की माणूस पाठ करून आलाय असं वाटतं," आबा म्हणाले. "एकतीस वर्षं जकात नाक्यावर काढली मी. ज्याचं उत्तर तयार, त्याची गाडी बाजूला. खरा माणूस अडखळतो. पोती किती विचारलं की डोकं खाजवतो. खोटारडा म्हणतो, बेचाळीस साहेब! ताडकन!"

"तुम्ही डोकं खाजवत बसलात तर विमानतळावर रांग दारापर्यंत जाईल."

"जाऊ दे. नाक्यावर ट्रकची रांग मैलभर जायची."

तुला माहीतच आहे, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते नाक्यावरून उतरलेले नाहीत. नाका बंद झाला, तिथे आता टायरवाला बसतो. आबा आपल्या इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, कुणाकडे, काय काम, पिशवीत काय. वॉचमन म्हणतो, काका, माझी नोकरी घालवाल. एका गॅसवाल्याने तर घाबरून त्यांना आपला परवाना काढून दाखवला.

तर तालीम. आई पुढे सरकली.

"किती दिवस राहणार?"

"...पाच महिने."

"घरी कोण आहे?"

"बायको."

"तिला विचारलंत?"

"तिनेच पाठवलं."

"कारण ती कंटाळली आहे. लिहून घेते," आई म्हणाली. "आणि ती का आली नाही?"

"तिच्या शिवणवर्गाच्या मुलींची परीक्षा आहे."

"हं. बायको हुशार दिसते. पुढे. येण्याचं कारण?"

हा प्रश्न तिसरा आहे. कागदावर त्याच्यापुढे नमुन्याचं उत्तरही दिलंय : "मुलाची व त्याच्या कुटुंबाची भेट." मी आबांना ते चार वेळा वाचून दाखवलं होतं. आबांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "फिरायला."

"काय काय बघणार?"

आई पेन धरून तशीच. मी मागे पाय बदलत.

"रस्ते," आबा म्हणाले.

आईने मान वर केली. अधिकाऱ्याने तसं करायचं नसतं, पण केली. मग काच उचलून शोकेसला लावून टाकली आणि म्हणाली, आज एवढंच.

दादा, ते प्रश्न चार ते चोवीस सगळे सांगतात. सावकाश, पण सांगतात. तिसऱ्याला अडकतात.

भिंगरी


९ मार्च

दादा,

तुझी ओळ नाही. आता मी थोडी रुसले आहे, पण पाकिटं डझनभर आणून ठेवलीत, ती संपवायला हवीत.

परवा काटेवाले काका आले होते. आठवतात ना, आबांच्या नाक्यावर वजनकाटा सांभाळायचे ते. हल्ली त्यांनी कबुतरं पाळलीत, बहात्तर आहेत, आणि प्रत्येकाचं वजन त्यांना तोंडपाठ आहे. ते जाऊ दे. आबा अंघोळीला गेले आणि मी काकांना पकडलं. म्हटलं, काका, त्या दिवशी नेमकं काय झालं? तुझ्याकडची हकिकत मला माहीत आहे, तू तेव्हा आईला ओरडून सांगत होतास आणि मी दाराआड होते. आबांनी त्यांच्याकडची कधी सांगितलीच नाही. म्हणून ही काकांची.

काका म्हणाले, गादीवाल्याचा टेम्पो घेऊन तू आलास. नाक्यावर आबा स्वतः होते. त्यांनी विचारलं, गाडीत काय? तू म्हणालास, गाद्या. आबांनी फाटक उचलायला हात वर केला. "फाटक अर्धं वर गेलं होतं बघ," काका म्हणाले. "अर्धं!"

आणि अकरा वाजले.

गाद्यांच्या मध्ये लपवलेली भिंतीवरची घड्याळं, दर तासाला सूर वाजवणारी, एकेक करून वाजायला लागली. एक थांबेपर्यंत दुसरं, दुसऱ्याच्या मध्येच तिसरं. काका म्हणतात वीसेक असतील. सतरा होती. चार मिनिटं तो कार्यक्रम चालला. रांगेतले ट्रकवाले खाली उतरून पोट धरून हसत होते, एक जण तर नाचला. आणि आबा हात वर धरून तसेच उभे. तुझ्याकडे बघत.

मग त्यांनी टेम्पो बाजूला घ्यायला लावला, सगळा माल उतरवला, दंडाचा कागद केला. ते त्यांचं कामच होतं, आणि तू खोटं बोलला होतास, हे तर तूही नाकारत नाहीस. पण काकांनी तेव्हा हळूच विचारलं होतं, "साहेब, हा आपलाच मुलगा ना?" आणि आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "नाक्यावर माझं कोणी नाही."

तू गाद्या उतरवत होतास. तू ते ऐकलंस.

माल सुटला, दंड घड्याळांच्या मालकाने भरला, गादीवाल्याने तुला काढून टाकलं, हे सगळं महिन्याभरात विरून गेलं असतं असं काका म्हणतात. ते वाक्य विरलं नाही. तीन महिन्यांत तू घर सोडलंस, मग गाव, मग देश.

मी काकांना विचारलं, आबा नंतर काही म्हणाले का? काका म्हणाले, "मला दुसऱ्या दिवशी विचारलं त्यांनी, काल मी जे बोललो ते त्याने ऐकलं असेल का रे? मी म्हटलं, साहेब, तो तर चार हातांवर होता. त्यावर म्हणाले, बरं. आणि रजिस्टर उघडलं."

एवढ्यात आबा अंघोळ करून आले, आणि काकांनी कबुतरांच्या वजनाचा विषय काढला. आपल्या घरात भिंतीवर घड्याळ नाही हे तुला माहीत नसेल. आबा वेळ मोबाइलमध्ये बघतात, तोही आवाज बंद करून.

तू त्यांच्यावर रागावू नकोस असं मी म्हणत नाही. खुशाल रागव. पण आत घेऊन रागव. दाराबाहेरच्या माणसावर काय रागवायचं!

भिंगरी


२९ मार्च

दादा,

आज दोन गुन्हे कबूल करायचे आहेत. लहान आधी.

तुझं पत्र येत नाही म्हटल्यावर आबा रोज टपालपेटीशी घुटमळायला लागले. मी बघितलं की म्हणायचे, बिजागरी गंजली आहे. मंगळवारी त्यांनी सरळ विचारलं, "त्याला माहीत आहे ना, मी येतोय ते?"

"हो तर!" मी म्हणाले. "या म्हणतोय. वाट बघतोय. न्यायला येणार आहे."

"पत्र दाखव."

"पत्र नाही, मेसेज आला."

"मेसेज दाखव."

"उडाला."

आबांनी माझ्याकडे बघितलं. ट्रकवाल्यांकडे कसे बघायचे ते मला त्या दिवशी कळलं. मग "बरं" म्हणाले आणि बिजागरीला तेल घालायला गेले. खरंच गंजली होती.

तर मी खोटं बोलले आहे आणि ते खरं करणं तुझ्या हातात आहे. तू म्हणशील ह्या पोरीचं नेहमीचंच. असेल.

आता मोठा. हा आठ वर्षं पोटात आहे, आणि मागच्या पत्रात मी जवळजवळ फुटलेच होते. काका वीसेक म्हणाले आणि मी सतरा लिहिलं. तुला शंका आली नाही? मी आबांची मुलगी असून इतकी कच्ची कशी?

त्या घड्याळांत सेल मी घातले होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी तू टेम्पो दारात लावून अंघोळीला गेलास. मी चौदा वर्षांची, नववीत, आणि उघडा टेम्पो दिसल्यावर आत न शिरणारी मी नव्हे. गाद्यांच्या मध्ये खोके होते. प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने सेलची पुडी बांधलेली. मी एकाला घालून बघितला, काटे हलवले, ते वाजलं, इतकं गोड वाजलं की मी दुसऱ्याला घातला. मला सगळी एकदम वाजवून ऐकायची होती. वेळ अंदाजाने लावली, म्हणून तर ती पुढेमागे वाजली. रात्री सगळे झोपेत आणि वाटेत इंजिनाचा आवाज, म्हणून आधी कोणाला ऐकू आली नसणार; नाक्यावर इंजिन बंद होतं. अठरावं हातात घेतलं आणि आईने हाक मारली. मी खोके होते तसे लावून पळाले. ती घड्याळं गाद्यांमध्ये का आहेत, हा प्रश्न मला पडलाच नाही. मला वाटलं तू दुकानात पोचशील, खोका उघडशील आणि तुला गंमत वाटेल.

फाटक अर्धं वर गेलं होतं. मी नसते तर पूर्ण वर गेलं असतं. तू गादीवाल्याकडेच राहिला असतास, किंवा दुसऱ्यांदा पकडला गेला असतास, काय ते देव जाणे. पण त्या दिवशी आबांना ते वाक्य बोलावं लागलं नसतं.

मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे मला हसतात. मी आधी बसच्या नोकरीत होते ना, तिथे रात्रभर जागी राहून प्रवाशांना पांघरुणं द्यायची, तेव्हा खूप वेळा वाटायचं, आता लिहावं. मग कोणीतरी पाण्याची बाटली मागायचं.

आता माझ्यावरही रागव. पण आम्ही दोघंही येतोय. एकाच विमानाने, शेजारच्या जागा. तुझी सोय झाली.

भिंगरी


१७ एप्रिल

दादा,

हे पत्र मी येऊन पोचल्यावरच तुझ्या हातात पडेल, तरी लिहिते, कारण घरात सगळे बॅगा भरताहेत आणि मला तिथून हाकलून दिलंय.

काल वहिनीचा आवाजी निरोप आला. तीन वेळा ऐकला. म्हणते, "अगं, जेवणाच्या टेबलावर तुझं घड्याळांचं पान वाचत होता. इतका हसला, इतका हसला की छोटी घाबरून माझ्या मांडीवर येऊन बसली. मग पानाची घडी करून खिशात घातली, म्हणाला एक लिफ्ट अडकली आहे, जाऊन येतो. रविवारी त्याला लिफ्टदुरुस्तीची कामं नसतात."

मी विचारलं, विमानतळावर येईल का? वहिनीचा दुसरा निरोप चार सेकंदांचा होता. "विचारलं. बघू म्हणाला."

बघू. तू आणि आबा एकाच कारखान्यात बनलेले आहात.

इकडे आबांनी प्रत्येक बॅगेवर आतल्या मालाची यादी चिकटवली आहे. स्वतःच्या हाताने, सुवाच्य. "शर्ट सहा, वापरलेले. नेलकटर एक, बोथट. छोटीसाठी स्वेटर एक, माप अंदाजे." आई म्हणाली, अहो, कोणी विचारणार नाही. आबा म्हणाले, "विचारलं तर? मालकाला स्वतःच्या गाडीत काय आहे ते ठाऊक नसणं ह्याच्यासारखी लाज नाही."

तुझ्यासाठी काय आहे, ते यादीत नाही. मी बॅग हुंगून काढली. तुझ्यासाठी त्यांनी काहीच घेतलेलं नाही.

तालीम बंद झाली आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून "फिरायला" हेच आहे.

भिंगरी


२० एप्रिल, सामानाच्या पट्ट्याजवळचा बाक

दादा,

पट्टा रिकामाच फिरतोय, बॅगा यायच्यात, आणि कागद मांडीवर आहे, म्हणून अक्षर असं. आत काय झालं ते लिहून काढते. तोंडाने सांगायला गेले तर तू मला मध्येच थांबवशील किंवा मी स्वतःच भरकटेन.

काचेमागचा अधिकारी टकला होता आणि त्याला भयंकर सर्दी झाली होती. आईने सांगितलं तसंच. मान खाली. त्याने आबांचं नाव विचारलं, मी आपल्या भाषेत सांगितलं, आबांनी विचार करून दिलं. किती दिवस? विचार करून दिलं. मागे रांगेत कोणीतरी जोरात श्वास सोडला. मग आबा मला म्हणाले, "ह्यांना सांग, मान वर करून विचारा."

"आबा, नको."

"सांग म्हणतो ना. चेहरा न बघता विचारलं तर खोटं पकडणार कसं? चांगला तरुण माणूस आहे, कोणी शिकवलं नसेल."

मी काहीतरी पुटपुटले. अधिकाऱ्याचं पेन थांबलं. त्याने मान वर केली, आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नाक पुसलं, आणि आम्हाला शेजारच्या खोलीत बसवलं.

खोलीत टेबल, तीन खुर्च्या, दोन फोन. त्याने एक नंबर लावून फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे आपली भाषा बोलणारी एक बाई, दुभाषी. तिच्या मागे नळ वाहत होता. अधिकारी विचारायचा, ती आपल्या भाषेत सांगायची.

"काका, ते विचारताहेत, तुम्ही काय काम करत होता?"

"नाक्यावर होतो. येणाऱ्यांना प्रश्न विचारायचो."

हे तिने सांगितल्यावर अधिकारी खुर्चीत सरळ बसला.

"काका, ते विचारताहेत, येण्याचं कारण?"

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, फिरायला म्हणा. रस्ते म्हणा. काहीही म्हणा.

आबा म्हणाले, "मुलाला एक वाक्य बोललो होतो, आठ वर्षांपूर्वी. ते परत घ्यायला आलोय."

नळ बंद झाला.

"काका," बाई हळूच म्हणाली, "एवढं सगळं सांगायची गरज नसते हो. मुलाला भेटायला आलो म्हणा."

"ते अर्धंच आहे. त्याचा माल पकडला ते बरोबर होतं, ते मी परत घेत नाही. पण हा तुमचा मुलगा ना असं एकाने विचारलं, आणि मी नाही म्हणालो. ते चूक. ते सांगा त्यांना."

तिने सांगितलं. तिच्या सांगण्यात आबांच्या वाक्यांपेक्षा दुप्पट शब्द होते, तिने आपल्याकडचेही घातले असणार. अधिकाऱ्याने पुन्हा नाक पुसलं. मग त्याने विचारलं, आणि बाई सांगताना हसली, "काका, ते म्हणताहेत, एका वाक्यासाठी पाच महिने?"

"आठ वर्षांत जमलेलं नाही," आबा म्हणाले. "पाच कमीच आहेत."

अधिकारी शिंकला. मला वाटतं तो हसत होता.

मग त्याने विचारलं, मुलाला माहीत आहे का तुम्ही येणार ते? मी ताबडतोब म्हणाले, "हो! त्यानेच बोलावलंय!"

आबा म्हणाले, "ही असं सांगते. पण ही फार पटकन सांगते. मला माहीत नाही."

दादा, त्या क्षणी मला आबांचा गळा दाबावासा वाटला आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटली. अधिकाऱ्याने दुसरा फोन उचलला आणि वहिनीच्या पत्रावरचा तुझा नंबर लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. वाजत राहिला. चार वेळा, पाच वेळा, सहा. आबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

तू उचललास. त्याने विचारलं. आणि तू "नाही" म्हणालास. तुमच्या भाषेतले मला तीस शब्द येतात, त्यातला तो पहिला.

आबांनी बोट थांबवलं.

पण तू पुढे बोलत होतास. खूप भराभर, आणि मागे कुठेतरी घोषणा चालली होती, तीच घोषणा आम्हाला खोलीतही ऐकू येत होती. बाई मध्येच ओरडली, "काका, ऐका, ऐका! तो म्हणतोय, मी नाही बोलावलं, माझ्या बायकोने बोलावलं. मी न्यायला आलोय. दीड तास उभा आहे. वडील बरे आहेत का विचारतोय. काका, तो विचारतोय तुम्हाला बसायला खुर्ची दिली आहे का!"

आबांनी खुर्चीकडे बघितलं, जणू ती आत्ताच कोणी आणून ठेवली. म्हणाले, "दिली आहे म्हणावं."

शिक्का बसला. पाच महिने. मग अधिकारी माझ्याकडे वळला. तुम्ही काय काम करता? मला वाटलं सुटलो, आणि हे राहिलंच होतं. मी म्हणाले फोटो, आधी तलाव, त्याआधी बस, रोपवाटिका, कुत्री फिरवायचे, मंडपवाल्याकडेही होते, आणि बाई बिचारी एकामागून एक सांगत सुटली, आणि प्रत्येक नोकरीबरोबर अधिकाऱ्याच्या भुवया वर. परत नक्की जाणार का, त्याने विचारलं.

मी उत्तर शोधत होते. तेवढ्यात आबा बोलले, एक क्षणही न थांबता, "माझी मुलगी आहे. माझ्यासोबत आली आहे, माझ्यासोबत जाईल." इतकं ताडकन ते जन्मात बोललेले नाहीत. बोलून झाल्यावर तेच दचकले.

अधिकाऱ्याने माझ्याही पासपोर्टवर शिक्का मारला. बाईने फोन ठेवताना आबांना म्हटलं, "काका, ते वाक्य सावकाश म्हणा, पण म्हणा हं."

आता पहिली बॅग दिसतेय, यादीवाली. आबा तिच्यामागे न जाता पलीकडच्या काचेकडे बघत बसलेत. काचेपलीकडे माणसं उभी आहेत. त्यात एक आमच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतोय, बहुतेक वहिनीशी बोलतोय. आबा म्हणतात तो तू नाहीस, तू इतका जाड नव्हतास. मी म्हणते तूच, कारण फोनवर बोलताना असा डोकं खाजवणारा आपल्या घरात दुसरा कोण आहे?

आबा उभे राहिलेत. शर्टाची वरची गुंडी लावली, परत काढली.

दादा, आता वळ.